किती धरायचे?

९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादच्या क्रांती चौकातून निघालेल्या मराठा क्रांती मोर्चात घोषणा नव्हत्या, नेत्यांची भाषणे नव्हती. नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत १३ जुलैला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. त्याला महिना व्हायच्या आत हे शहर माणसांनी भरून गेले. मुली आणि बायका पुढे, त्यांच्यामागे पुरुष, आणि पुढारी कुठल्याही पक्षाचा असो, तो सगळ्यांत मागे. या मोर्चांची ही शिस्त पुढे राज्यभर ओळखीची झाली. निवेदन वाचायचे ते मुलींनी. मोर्चा पांगला की रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या आणि कागद स्वयंसेवकांनी उचलायचे. उस्मानाबाद, बीड, परभणी, नांदेड, पुणे, सातारा, कोल्हापूर, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूर असे करत वर्षभर मोर्चे निघत राहिले. ९ ऑगस्ट २०१७ला मुंबईत भायखळ्याहून आझाद मैदानावर गेलेला मोर्चा अठ्ठावन्नावा म्हणून ओळखला जातो.

मोर्चे असे एकेक करून मोजले गेले, त्यांत चाललेली माणसे मात्र कुणी मोजली नाहीत.

औरंगाबादच्या त्या पहिल्या मोर्चात किती लोक होते, याची उत्तरे त्याच संध्याकाळी लाखापासून कित्येक लाखांपर्यंत पसरली होती. आज इतक्या वर्षांनंतरही ती तशीच पसरलेली आहेत. ज्या दिवसाने राज्याच्या राजकारणाची दिशा बदलली, त्या दिवसाचा खात्रीचा आकडा या शहराजवळ नाही. इथे चार-पाच मोठी मराठी दैनिके निघतात, वाहिन्यांचे प्रतिनिधी आहेत, विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे आणि संख्याशास्त्राचाही आहे. माझ्या मते ही उणीव किरकोळ नाही. त्यानंतरच्या प्रत्येक मोर्चाला तिने आपल्या पद्धतीने वळण दिले आहे.

या शहराला मोर्चा नवा नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे महसुली मुख्यालय इथे आहे. गाऱ्हाणे हिंगोलीचे असो की धाराशिवचे, जिल्हाधिकाऱ्याकडे दाद लागली नाही की ते विभागीय आयुक्तांच्या दारात येते. त्यामुळे मोर्चाची वाटही ठरून गेली आहे. शिवाजी महाराजांचा पुतळा असलेल्या क्रांती चौकात जमायचे, पैठण गेटमार्गे गुलमंडीवर यायचे, सिटी चौक ओलांडायचा आणि जुन्या शहरातून दिल्ली गेटच्या बाजूला आयुक्तालयाकडे निघायचे. आंबेडकरी संघटनांचे मोर्चे भडकल गेटच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केल्याशिवाय पुढे जात नाहीत. आमखास मैदान आणि मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचे मैदान ही सभांची ठिकाणे. या रस्त्यांची लांबी बदलत नाही आणि रुंदी फारशी बदलत नाही. म्हणूनच इथे गर्दी मोजणे शक्य आहे, आणि तरीही ती मोजली जात नाही.

मग आकडा येतो कुठून? या शहरात बातमीदारी केलेल्या कुणालाही ती संध्याकाळ माहीत आहे. मोर्चा अजून गुलमंडीवर असतो आणि डेस्कवरून फोन येतो, "किती धरायचे?" बातमीदार आयोजकाला विचारतो. आयोजक परवानगीच्या अर्जात लिहिलेला आकडा विसरून मनातला सांगतो. मग बंदोबस्तावरच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारायचे. तो नाव न छापण्याच्या अटीवर आयोजकाच्या आकड्याचा तिसरा-चौथा हिस्सा सांगतो. मग बातमीदार आणि छायाचित्रकार आपसात बोलतात आणि मधला कुठला तरी आकडा ठरतो. तोवर वाहिन्यांच्या पट्टीवर एक आकडा फिरू लागलेला असतो. त्यापेक्षा कमी छापले तर उद्या कार्यालयावर लोक येतील, हा विचार बोलून दाखवला जात नाही, पण असतो. शेवटी 'लाखोंचा जनसागर' हा मथळा लागतो. त्यात आकडा नाही, म्हणून त्याला खोटा कुणी ठरवू शकत नाही. 'मोर्चाचे एक टोक आयुक्तालयावर पोचले तरी दुसरे क्रांती चौकातच' हे वाक्य तर आमच्याकडे जवळजवळ छापील नमुन्यासारखे वापरले जाते. खरे म्हणजे याच वाक्यात मोजणीची सुरुवात दडलेली आहे. दोन टोके कळली की लांबी कळते. आम्ही तिथेच थांबतो.

पोलिसांच्या विशेष शाखेचा माणूस साध्या वेशात मोर्चाबरोबर चालत असतो. त्याला आकडा वेगळ्या कारणासाठी हवा असतो: किती मनुष्यबळ लावायचे, कुठली वाहतूक वळवायची, रुग्णवाहिका कुठे उभी करायची. त्याचा अंदाज वरिष्ठांकडे जातो, लोकांसमोर अधिकृतपणे क्वचितच येतो. आयोजकाचा आकडा मात्र जाहीर असतो, कारण तो जाहीर होण्यासाठीच असतो. वाचकाला या दोन्हींतला फरक सांगणे हे वृत्तपत्राचे काम. ते न करता दोन्ही आकडे एका भांड्यात ओतून आम्ही मधलाच तिसरा काढतो आणि त्याला कुणाचेच नाव लावत नाही.

* * *

गर्दी मोजण्याची सगळ्यांत साधी पद्धत एका पत्रकारानेच रूढ केली. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स पत्रकारिता शिकवत. १९६०च्या दशकात तिथे विद्यार्थ्यांची आंदोलने सुरू होती, आणि ज्या चौकात विद्यार्थी जमत तो त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिसे. चौकातल्या काँक्रीटवर चौकटी आखलेल्या होत्या. जेकब्स यांनी काही चौकटींतली माणसे मोजली, त्यावरून दाटीचे प्रमाण काढले आणि १९६७मध्ये ते मांडले. विरळ गर्दीत एका माणसाला साधारण दहा चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खेचाखेच असेल तर अडीच. आपल्या मापात सांगायचे तर चौरस मीटरमध्ये एक, सव्वादोन ते अडीच आणि चार माणसे. क्षेत्रफळ काढा, दाटी पाहा आणि गुणाकार करा. पद्धत जुनी झाली, पण तिचा आधार आजही हलला नाही.

हे गणित आपल्या रस्त्यावर करून पाहू. तीन किलोमीटर लांब आणि सरासरी पंधरा मीटर रुंद रस्ता धरू. क्षेत्रफळ पंचेचाळीस हजार चौरस मीटर. हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत्या माणसांनी भरला, तर चौरस मीटरला दोन या हिशेबाने नव्वद हजार लोक होतात. चौरस मीटरला चार माणसे धरली तर एक लाख ऐंशी हजार. पण इतक्या दाटीत माणूस चालू शकत नाही, तो नुसता पुढे ढकलला जातो. म्हणजे तीन किलोमीटरचा रस्ता एका क्षणी ठासून भरलेला दिसला, तर त्यावर चालणारे लोक लाखाच्या आसपास असतात. ड्रोनच्या चित्रात तो रस्ता अथांग वाटतो, आणि वाटणारच. एक लाख माणसे एका जागी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असतात.

अर्थात मोर्चा वाहता असतो. एक लोंढा पुढे सरकतो, मागून दुसरा येतो. म्हणून दुसरे गणित करावे लागते, अरुंद जागेतून किती माणसे पार होतात याचे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यानुसार सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे जाऊ शकतात. मोर्चाच्या वाटेवरची सर्वांत चिंचोळी जागा बारा मीटरची धरली, तर तिच्यातून तासाला सुमारे एकोणसाठ हजार लोक जातील. सतत चार तास ही धार अखंड राहिली तर दोन लाख छत्तीस हजार. प्रत्यक्षात मोर्चा कधीच या वेगाने चालत नाही. तो थांबतो, त्याच्यात अंतर पडते, वृद्ध माणसे हळू चालतात. निम्मा वेग धरला तर चार तासांत एक लाख अठरा हजार. रुंदीचा आकडा मी धरलेला आहे. खरी रुंदी महापालिकेच्या अभियंत्याकडे मिळते किंवा टेप घेऊन जाऊन मोजता येते. मोर्चा येण्याच्या आधी, रिकाम्या रस्त्यावर, शांतपणे.

या हिशेबाला अपवादही आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. मोर्चाला आलेला प्रत्येक जण पूर्ण वाट चालत नाही. मोठ्या मोर्चाच्या दिवशी क्रांती चौकातून जालना रोडवर दोन्ही बाजूंना माणसे उभी राहतात आणि पुढे सरकायला जागाच न मिळाल्याने तिथूनच परततात. गल्लीबोळांतून माणसे मध्येच मिसळतात. म्हणून चिंचोळ्या जागेवरची मोजणी म्हणजे पूर्ण आकडा नव्हे, तो किमान आकडा. पण किमान आकडा हाती असणे आणि काहीच हाती नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी पडताळणी वाहनांची. पाच लाख माणसे बाहेरून आली असे कुणी म्हणत असेल आणि क्रूझर, टेम्पो, मोटारसायकल असे सगळे मिळून वाहनामागे सरासरी दहा माणसे धरली, तर पन्नास हजार वाहने झाली. उभे करायला आणि वळवायला मिळून प्रत्येकाला पंचवीस चौरस मीटर दिले तर तीनशेहून जास्त एकर जागा लागेल. वाहनतळ आधीच जाहीर झालेले असतात. तिथे जाऊन रांगा मोजणारा एक बातमीदार पुरे. बीड बायपासवर किंवा जालना रोडवर वाहने कुठवर उभी होती, हे त्या दिवशी शहराबाहेरून आलेला प्रत्येक जण सांगतो. ते मोजणारा मात्र कुणी नसतो.

२०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती, त्यात पाळण्यातले मूल आणि अंथरुणावरचा म्हातारा धरून. मोर्चाचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून वाचावेत.

हे सगळे मांडताना मला एका गैरसमजाची काळजी वाटते. मोजणी म्हणजे मोर्चा लहान ठरवण्याचा डाव, असे अनेकांना वाटते, आणि तसे वापरणारेही असतात. माझे म्हणणे उलट आहे. खेड्यातून पहाटे निघालेल्या, पेरणीची कामे सोडून आलेल्या, लेकीला हाताला धरून कधी नव्हे ते रस्त्यावर उतरलेल्या एक लाख बायका-माणसांचा मोर्चा ही प्रचंड घटना आहे. तिला दहा लाखांची झूल चढवली की ती एक लाख खरी माणसे थट्टेचा विषय होतात. आकडा फुगवणारा आपल्याच माणसांची किंमत कमी करतो.

* * *

मूक मोर्चा आणि माध्यमे यांचे नाते पहिल्यापासून अवघड होते. बातमीदाराला एरवी मोर्चातून घोषणा मिळते, भाषण मिळते, प्रतिस्पर्ध्याला हाणलेला टोला मिळतो, कधी दगडफेक मिळते. मूक मोर्चाने यांतले काहीच दिले नाही. ज्याच्या तोंडापुढे माईक धरावा असा नेताच नव्हता. मग बातमीत भरायला एकच गोष्ट उरली, संख्या. मराठवाड्यात मोर्चामागून मोर्चा निघत असताना दिल्लीच्या वाहिन्यांना बराच काळ याचा पत्ता नव्हता. त्यांचे लक्ष गेले तेही संख्येमुळेच, आणि मग एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याला आव्हान होऊ लागला. बीडपेक्षा परभणी, परभणीपेक्षा नांदेड, नांदेडपेक्षा पुणे, अशी चढती भाजणी वृत्तपत्रांनीही लावली.

या चढाओढीत निवेदन मागे पडले. त्या निवेदनाच्या मागे काय होते ते पाहायला हवे होते. मराठवाड्याने नुकतीच लागोपाठ दुष्काळाची वर्षे काढली होती. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मोर्चाला आलेली मुले याच गावांतली होती. जमीन वाटण्या होऊन एकर-दोन एकरांवर आलेली, बापाच्या डोक्यावर कर्ज, शिक्षणसंस्थेची फी परवडत नाही आणि नोकरी दिसत नाही. मोर्चातल्या मराठा आरक्षणाच्या मागणीचे मूळ या मातीत होते. त्यावर चांगले लिहिणारे काही जण होते, त्यांचे लेख पुरवण्यांत आले. पहिल्या पानावर आकडा आला.

सप्टेंबर २०१६च्या अखेरीस 'सामना'त मूक मोर्चावर एक व्यंगचित्र छापून आले आणि राज्यभर संताप उसळला. दैनिकाच्या कार्यालयांवर हल्ले झाले आणि पुढे उद्धव ठाकरे यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. हल्ल्याचे समर्थन करता येत नाही. पण त्या घटनेनंतर मोर्चाविषयी काहीही तपासून लिहिण्याची, आकडासुद्धा, वृत्तपत्रांना भीती वाटू लागली, असे माझे निरीक्षण आहे. कौतुक करणे सर्वांत सुरक्षित होते आणि मोठा आकडा हे कौतुकाचे सर्वांत सोपे रूप.

संख्येचा दुसरा अर्थ शहराच्या दुसऱ्या भागात लागत होता. कोपर्डीतले आरोपी दलित समाजातले होते आणि मोर्चाच्या मागण्यांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी होती. या शहरात दलित वस्तीतल्या माणसाला 'लाखोंचा जनसागर' हा मथळा कसा दिसला असेल, हे समजायला १९७८पर्यंत मागे जावे लागते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. नामांतराला विरोध करणाऱ्यांत स्वातंत्र्यसंग्रामातली मोठी माणसे होती. गोविंदभाई श्रॉफ होते आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेरावही होते. भालेरावांची लेखणी आणि त्यांची निष्ठा यांबद्दल मला आदर आहे. तरीही हे नोंदवायलाच हवे की या प्रदेशाचे सर्वांत वजनदार वृत्तपत्र त्या काळात एका बाजूला उभे होते, आणि ज्यांची घरे जळाली त्यांच्या बाजूला तेवढे वजन असलेले दैनिक नव्हते.

११ नोव्हेंबर १९७९ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. माणसे विदर्भ पायी ओलांडून आली. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीजवळ पोलिसांनी त्यांना अडवले, लाठ्या चालवल्या आणि अटका केल्या. त्या मोर्चाचाही खात्रीचा आकडा नाही. पण त्याचे मोल आकड्यात नव्हतेच. नामांतराची बाजू मराठवाड्यात संख्येने कमी होती, हे दोन्ही बाजूंना माहीत होते. संख्येवरच न्याय ठरला असता तर १४ जानेवारी १९९४ उजाडला नसता. त्या दिवशी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. ठरावापासून साडेपंधरा वर्षे लागली. त्याच्या दीडेक महिना आधी, २५ नोव्हेंबर १९९३ला, नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले होते.

म्हणून या शहरात मोर्चाच्या आकड्याला फार जपून हात लावला पाहिजे. 'आमचे इतके लाख' या वाक्यात 'तुमचे किती?' हा प्रश्न न उच्चारता येतो. २०१६च्या मूक मोर्चांनंतर बहुजन, दलित आणि मुस्लीम संघटनांचे मोर्चे निघाले आणि त्यांनाही पहिला प्रश्न संख्येचाच विचारला गेला. नोव्हेंबर २०२३मध्ये ओबीसींची एल्गार सभा जालना जिल्ह्यातल्या अंबडला झाली, तेव्हा अनेक बातम्यांत तिची तुलना मराठा आरक्षणासाठी आंदोलन करणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या सभेशी गर्दीवरूनच झाली. सभेत कोण काय म्हणाले ते त्यानंतर आले.

* * *

अंबडपासून जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. त्या वेळी ती बातमी आतल्या पानावरची होती. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि एका रात्रीत ते गाव देशाला माहीत झाले. १४ ऑक्टोबरला तिथे सभा झाली ती शंभराहून अधिक एकरांवर. इथून मराठवाड्यातल्या गर्दीचे माप बदलले. माणसांऐवजी एकर बोलले जाऊ लागले. २०२४मध्ये बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर नऊशे एकरांवर सभा घेण्याचे जाहीर झाले आणि दुष्काळामुळे ती पुढे ढकलली गेली. शेतकऱ्याला एकर कळतो, त्यामुळे हे माप मनात बसते. पण एकर म्हणजे जागा. एका एकरात चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर असतात. माणसे मांडी घालून ऐसपैस बसली तर चार हजार, खेटून उभी राहिली तर सोळा हजार. त्याच एकरातून वाहनतळ, रस्ते, व्यासपीठ आणि पाण्याचे टँकर वजा करावे लागतात. शंभर एकरांची सभा दोन लाखांचीही असू शकते आणि दहा लाखांचीही. एकर सांगून थांबणारी बातमी यातले काहीच सांगत नाही.

या टप्प्यावर माध्यमांची जागाही बदलली होती. जेसीबीतून फुले उधळली जात होती, मंडळांचे स्वतःचे ड्रोन होते, वाहिन्यांच्या आधी मोबाइलवर चित्रे पोचत होती. २०१६मध्ये मोर्चाला माध्यमांची वाट पाहावी लागली, २०२३मध्ये माध्यमे मोर्चाच्या मागे धावत होती. जुलै २०२४मध्ये जरांगे पाटलांची शांतता रॅली हिंगोलीहून निघून १३ तारखेला याच शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, संपली. त्या दिवशीही दिवसभर थेट प्रक्षेपण चालले, पण मोजणी झाली नाही.

सरकारला मात्र आकडा हवा असतो, निदान अटीपुरता. १ मे २०२२ला राज ठाकरे यांची सभा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर झाली, तेव्हा पोलिसांनी घातलेल्या अटींत मैदानाची क्षमता पंधरा हजारांची असल्याचे लिहिले होते. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस जरांगे पाटील मुंबईत आझाद मैदानावर पोचले, तेव्हा परवानगी पाच हजारांची होती. त्याहून कितीतरी जास्त लोक आले, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर भरून गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अटींचे उल्लंघन झाले, असे न्यायालयाने म्हटले. २ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला तो हैदराबाद गॅझेटियरच्या आधारावर. म्हणजे ज्या आंदोलनाची गर्दी आज कुणी नीट मोजली नाही, त्याची मागणी निजामाच्या काळात कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या नोंदींवर येऊन थांबली.

संख्येच्या या वेडाचा सर्वांत मोठा फटका लहान मोर्चाला बसतो. डिसेंबर २०२३पासून जवळपास पावणेदोन महिने राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या. जिल्ह्या-जिल्ह्यांत त्यांचे मोर्चे निघाले. अशा मोर्चात पाचशे-हजार बायका असतात आणि ते मोजायला गणित लागत नाही, डोकी मोजता येतात. पण बातमी दोन परिच्छेदांची होते आणि तीही वाहतूक खोळंबली म्हणून.

पाण्याच्या बाबतीत तर हे फार ठळकपणे दिसले. २३ मे २०२२ला देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली भाजपचा जलआक्रोश मोर्चा पैठण गेटवरून महापालिकेवर गेला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती किती लोक होते, किती बाहेरून आणले आणि किती हंडे रिकामे होते यावर. एका बाजूने विराट म्हटले, दुसऱ्या बाजूने फसलेला म्हटले. जून उजाडताच सत्ताधारी शिवसेनेची सभा झाली आणि तिच्याही गर्दीची तुलना सुरू झाली. या सगळ्यात खरा आकडा वेगळाच होता. जायकवाडीसारखे धरण शेजारी असताना शहरातल्या अनेक वसाहतींत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येत होते, आणि १६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली योजना रेंगाळून पुढे २७४० कोटींवर गेली. एखाद्या वसाहतीतल्या चाळीस बायका हंडे घेऊन पाण्याच्या टाकीवर जातात, तेव्हा त्यांना या आकड्यांबद्दलच बोलायचे असते. त्या चाळीस असतात म्हणून त्यांना पान मिळत नाही, आणि चाळीस हजार असत्या तर त्यांच्या संख्येला पान मिळाले असते, पाण्याला नाही.

* * *

जगात यावर भांडणे झाली आणि उपायही निघाले. १६ ऑक्टोबर १९९५ला वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा 'मिलियन मॅन मार्च' निघाला. सरकारी उद्यान विभागाने चार लाखांचा अंदाज दिला. आयोजक लुई फराखान यांनी कोर्टात खेचण्याची धमकी दिली. बोस्टन विद्यापीठात फारूक एल-बाझ यांनी हवाई छायाचित्रांवरून मोजून आठ लाख सदतीस हजार सांगितले, वीस टक्के इकडे-तिकडे धरून. त्यानंतर अमेरिकी संसदेने त्या विभागाचा मोजणीचा पैसाच बंद केला. भांडण मिटवण्याचा हा मार्ग म्हणजे थर्मामीटर फेकून ताप घालवणे होय.

हाँगकाँगमध्ये १६ जून २०१९च्या मोर्चाला आयोजकांनी वीस लाख म्हटले आणि पोलिसांनी तीन लाख अडतीस हजार. तिथल्या विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ पॉल यिप अनेक वर्षे मोर्चे मोजत आले होते. १ जुलैच्या मोर्चाला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पादचारी पुलांवर कॅमेरे लावून संगणकाच्या मदतीने दोन लाख पासष्ट हजार असा आकडा काढला. तो आयोजकांच्या साडेपाच लाखांच्या निम्म्याहून कमी होता आणि पोलिसांच्या एक लाख नव्वद हजारांहून बराच जास्त. फ्रान्समध्ये काही वृत्तसंस्थांनी २०१८च्या सुमारास एकत्र येऊन खर्च वाटून घेतला आणि एका स्वतंत्र संस्थेकडून मोर्चे मोजून घेतले. रस्त्यावर एक काल्पनिक रेषा, ती ओलांडणारी माणसे यंत्र मोजते आणि नमुन्यादाखल माणूस हाताने पडताळतो.

आपल्याला यंत्राशिवायही सुरुवात करता येईल. गुलमंडीवर आणि सिटी चौकात दोन गच्च्या लागतील. दुकानदार नाही म्हणणार नाहीत, मोर्चाच्या दिवशी त्यांची दुकाने तशीही बंद असतात. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र आणि पत्रकारिता विभागांतले विद्यार्थी लागतील, प्रत्येक गच्चीवर चार. रस्त्यावर आडवी रेषा धरायची, दर दहा मिनिटांनी एक मिनिट मोजायचे आणि वेळ लिहून ठेवायची. तिसरी तुकडी मोर्चात फिरून दर शंभरातल्या एकाला विचारेल: कुठून आलात, कशाने आलात, किती वाजता रस्त्यावर उतरलात, पुढे जाणार की इथूनच परतणार, आणि का आलात. यिप यांच्या पद्धतीतही दोन ठिकाणची मोजणी आणि अशी विचारपूस असते. मध्येच आलेले आणि मध्येच गेलेले त्यातून हिशेबात येतात. शेवटचा प्रश्न मी वाढवला आहे, कारण बातमी त्याच्या उत्तरात असते.

शहरातल्या दैनिकांनी एकत्र येऊन याचा खर्च उचलावा आणि सगळ्यांनी एकच आकडा, त्याच्या वरच्या-खालच्या मर्यादेसह, छापावा. मग कमी छापल्याचा राग एकट्या कुणावर निघणार नाही. त्याच चौकटीत आयोजकांचा आकडा त्यांच्या नावाने द्यावा, पोलिसांचा त्यांच्या नावाने द्यावा, रस्त्याची मोजलेली रुंदी आणि मोर्चाचा कालावधी द्यावा, आणि मोजणी कशी केली ते चार ओळींत सांगावे. पहिल्या वेळी सगळेच नाराज होतील. दुसऱ्या वेळी आयोजक अर्जात थोडा खरा आकडा लिहील, कारण तो तपासला जाणार हे त्याला माहीत असेल.

सुरुवात मात्र कुठल्या जातीच्या किंवा पक्षाच्या मोर्चापासून करू नये. ती एखाद्या लहान मोर्चापासून करावी, आशा सेविकांच्या किंवा सफाई कामगारांच्या. डोकी मोजून नेमकी संख्या लिहावी, सातशे बारा तर सातशे बारा, आणि उरलेली सगळी जागा त्यांनी आयुक्तालयात दिलेल्या निवेदनाला द्यावी.